चेहऱ्यावर जाऊ नका, ढाल वाचा : हातोड्याने पाडलेली इंग्रजी चांदीची नाणी ओळखताना

इंग्लंडचं मध्ययुगीन चांदीचं नाणं हातात आलं की बहुतेक जण आधी राजाचा चेहरा न्याहाळतात आणि तिथेच फसतात. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने नवी पेनी काढली. तिच्यावरचा समोर पाहणारा चेहरा, कानांवर आलेले कुरळे केस आणि मुकुट हा साचा पुढे दोनशे वर्षं जवळजवळ तसाच चालत राहिला. एडवर्ड, रिचर्ड, हेन्री सगळे एकाच तोंडवळ्याचे. आठवा हेन्री १५०९ मध्ये गादीवर आला, पण १५२६ पर्यंत त्याच्या नाण्यांवर त्याच्या वडिलांचाच चेहरा होता. बदलला होता फक्त नावापुढचा आकडा.

नावावरही विसंबता येत नाही. ११८० ते १२४७ या काळातल्या आखूड क्रॉसच्या पेनीवर ‘हेन्रिकस’ असतं, पण त्याच काळात रिचर्ड आणि जॉन हेही राजे होऊन गेले, आणि त्यांच्या राज्यातल्या पेनीवरही नाव हेन्रीचंच राहिलं. सहाव्या एडवर्डच्या सुरुवातीच्या वर्षांत मेलेल्या बापाच्या नावाने आणि चेहऱ्याने नाणी पडत होती.

म्हणून या लेखात ओळखीचा क्रम उलटा ठेवला आहे. आधी वजन, मग क्रॉस, मग कडेचा लेख (भोवती कोरलेली अक्षरं), मग बारीक खुणा, मग ढाल, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेलात तर झिजलेलं, कातरलेलं नाणंही बरंच काही सांगतं. ढालीला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण ढालीवर राजघराण्याची चिन्हं असतात, आणि ढाल म्हणजे राजाचा हक्क. तो बदलला की ढाल बदलते, आणि ती कधी बदलली याच्या तारखा पक्क्या आहेत.

हाताशी काय हवं

दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, मिलिमीटरची पट्टी आणि हलवता येईल असा टेबललॅम्प. एवढ्यावर काम भागतं. दिवा नाण्याच्या वर ठेवू नका, बाजूला जवळजवळ टेबलाच्या पातळीत आणा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून उजेड पडला की चांदी नुसती चकाकते. आडव्या उजेडात मात्र बोटालाही न जाणवणारा उठाव सावली टाकतो आणि सपाट वाटणाऱ्या ढालीत सिंहांच्या पाठी दिसू लागतात. फोनवर फोटो काढतानाही हेच करा: चार दिशांनी उजेड टाकून चार फोटो घ्या आणि एकमेकांशेजारी ठेवून पाहा. नाणं कडेला धरा, सपाट बाजूंना बोट लावू नका, आणि खाली मऊ कापड असू द्या.

नाणं कसं पाडलं जाई

चांदी वितळवून कांबी ओतायच्या, त्या ठोकून पत्रा करायचा, पत्र्यातून कातरीने चकत्या कापायच्या. खालच्या ठशाला टोकदार शेपूट असे, ती लाकडाच्या ओंडक्यात रोवलेली. त्यावर चकती ठेवायची, चकतीवर वरचा ठसा हाताने धरायचा आणि त्यावर हातोड्याचा घाव घालायचा. घाव थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर झिजे. राजाचा चेहरा कोरायला जास्त मेहनत लागते, म्हणून तो सहसा खालच्या ठशावर असे आणि क्रॉस किंवा ढाल वरच्या ठशावर.

आता नाण्यावरच्या ‘खोडी’ समजतील. छापा मध्यभागी आहे आणि काटा एका बाजूला सरकलाय, कारण वरचा ठसा हातात होता. अक्षरं दुहेरी दिसतात, कारण पहिला घाव पुरा पडला नाही म्हणून दुसरा घातला. एका बाजूला चेहऱ्याचा जाड उठाव आहे आणि त्याच जागी मागे सपाट डाग आहे, कारण तिथली चांदी चेहऱ्यात भरली गेली. कडेला चीर आहे, कारण चकती ठोकून ठोकून ताठ झाली होती. ज्यांनी शिवराई हाताळली आहे त्यांना यात नवं काही नाही: ठसा मोठा, चकती लहान, आणि ‘छत्रपती’तलं एखादं अक्षर चकतीबाहेर. अपुरा लेख जुळवून वाचायची सवय इथे थेट कामाला येते. हातोड्याच्या नाण्यात या गोष्टी अजिबात नसतील तर उलट जास्त बारकाईने तपासा.

पहिली पायरी : वजन

पेनीचं ठरलेलं वजन शतकानुशतकं उतरत गेलं, आणि त्याचे टप्पे माहीत आहेत. १२७९ ची पेनी सुमारे १.४४ ग्रॅम, म्हणजे आपल्या सराफी मापात दीड मासा. १३५१ पासून १.१७ ग्रॅम, १४१२ पासून ०.९७, १४६४ पासून ०.७८ आणि १५२६ पासून ०.६९. ग्रोट म्हणजे चार पेनी, म्हणून त्याचं वजनही त्याच प्रमाणात घटलं: १३५१ मध्ये ४.६७ ग्रॅम, १४१२ नंतर ३.८९, १४६४ नंतर ३.११.

वजन एका दिशेनेच बोलतं, हे विसरू नका. नाणं झिजतं आणि कातरलं जातं, त्यामुळे ते हलकं होऊ शकतं, जड होत नाही. १.४० ग्रॅमची पेनी पंधराव्या शतकातली असणं शक्य नाही. ०.९५ ग्रॅमची पेनी मात्र १४१२ नंतरची असेल किंवा आधीची कातरलेली. ते ठरवायला कड पाहा. बाहेरचं मण्यांचं वर्तुळ सगळीकडे शाबूत असेल तर नाणं मुळातच हलकं पाडलेलं आहे. लेखाच्या अक्षरांची डोकी सरळ छाटलेली असतील तर कोणीतरी कातर चालवली आहे.

कातरणं हा तेव्हा भयंकर गुन्हा मानला जाई, आणि त्याच्या नावाखाली भयंकर अन्यायही झाला. १२७८ मध्ये इंग्लंडमधल्या ज्यूंना नाणी कातरल्याच्या आरोपाखाली सरसकट अटक झाली आणि एकट्या लंडनमध्ये अडीचशेहून अधिक जणांना फाशी दिलं गेलं. १२७९ चं नवं नाणं त्याच वातावरणात आलं.

कस मात्र फारसा घसरला नाही. पेनी ९२.५ टक्के चांदीची, आजही सराफाकडे मिळणारं ‘स्टर्लिंग’ तेच. अपवाद १५४४ ते १५५१ चा. आठव्या हेन्रीने तेव्हा चांदीत तांबं घालत घालत कस एक तृतीयांशापर्यंत खाली आणला. झिजलं की राजाच्या उठावदार नाकावर आधी तांबं दिसायचं, म्हणून लोक त्याला ‘तांबडनाक्या’ म्हणू लागले. तशी लालसर छटा दिसली तर काळ जवळजवळ ठरलाच.

दुसरी पायरी : क्रॉस

मागच्या बाजूचा क्रॉस कडेपर्यंत पोचतो का, ते पाहा. ११८० च्या प्रकारात तो आतल्या वर्तुळातच थांबतो. १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने तो कडेपर्यंत ओढला. क्रॉसची चारही टोकं दिसली नाहीत तर नाणं कातरलंय हे कोणालाही कळावं, असा त्यामागचा विचार. त्याआधी आणि नंतरही काही काळ अर्धी नि पाव पेनी हवी असेल तर अख्खी पेनी या क्रॉसवरूनच कापत. अशी अर्धचंद्रासारखी तुकडानाणी शेतात भरपूर सापडतात आणि ती तुटलेली नसून मुद्दाम कापलेली असतात. गोल अर्धी पेनी आणि पाव पेनी पहिल्या एडवर्डच्या सुधारणेनंतरच नियमित आली.

१२७९ नंतरच्या पेनीवर क्रॉसच्या प्रत्येक खणात तीन ठिपके, एकूण बारा. हाच मागचा नमुना सातव्या हेन्रीपर्यंत टिकला. म्हणून एकेरी लांब क्रॉस आणि ठिपके दिसले की ‘१२७९ ते १५०० च्या आसपास’ एवढं लिहून पुढे जा. १२४७ च्या प्रकारातही ठिपके असतात, पण तिथला क्रॉस दुहेरी रेघांचा.

तिसरी पायरी : कडेचा लेख

लेख लॅटिनमध्ये आणि संक्षेपांनी भरलेला असतो, पण त्याला घाबरायचं कारण नाही. माथ्यावरचा छोटा क्रॉस किंवा खूण म्हणजे सुरुवात. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचा. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. ‘आणि’ या अर्थी पुष्कळदा ‘झेड’सारखी खूण असते. अक्षराशेजारचा स्वल्पविराम म्हणजे पुढचं गाळलंय.

पेनीच्या मागे शहराचं नाव क्रॉसने चार तुकड्यांत कापलेलं असतं. पहिल्या दोन खणांत बहुतेकदा ‘किवि–तास’, म्हणजे शहर. त्यामुळे नीट वाचायचे ते पुढचे दोन खण: ‘लोन–डोन’ म्हणजे लंडन, ‘कान–तोर’ म्हणजे कँटरबरी, ‘डुर–एमे’ म्हणजे डरॅम, ‘एबो–रासि’ म्हणजे यॉर्क. सुरुवात ‘विला’ने असेल तर ब्रिस्टल, बेरिक किंवा बरी सेंट एडमंड्स यांसारखं गाव. छापा बाजूला चेहरा त्रिकोणात बसवलेला असेल तर नाणं आयर्लंडचं, आणि मागे बहुधा डब्लिन.

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या एडवर्डची पेनी वेगळी करणं हे या छंदातलं खरं किचकट काम. ढोबळ नियम असा: नाव ‘ई-डी-डब्ल्यू’ या तीन अक्षरांवर संपत असेल तर बहुतेक वेळा पहिला एडवर्ड, ‘ई-डी-डब्ल्यू-ए’ असेल तर चौदाव्या शतकाची सुरुवात, म्हणजे पहिल्याची अखेर किंवा दुसरा. यापलीकडे मुकुटाच्या पाकळ्या आणि अक्षरांचे आकार मोजावे लागतात. सुरुवातीला तेवढ्यात शिरू नका.

ग्रोटवर मात्र लेखच तारीख सांगतो, आणि मला हा सगळ्यांत सुंदर पुरावा वाटतो. तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला. १३५१ नंतरच्या ग्रोटवर त्याच्या पदव्यांत फ्रान्स आहे. १३६० मध्ये ब्रेतिन्यीचा तह झाला, त्याने तो दावा सोडला आणि नाण्यावरून फ्रान्स जाऊन अ‍ॅक्विटेन (नैऋत्य फ्रान्समधला प्रांत) आलं. १३६९ मध्ये पुन्हा लढाई पेटली आणि फ्रान्स परत आलं. कडेला ‘फ्रान्क’ दिसतंय की ‘आक्वित’, एवढ्यावरून नाणं त्या तहाच्या काळातलं आहे की त्याच्या आधीनंतरचं ते कळतं.

चौथी पायरी : बारीक खुणा, आणि त्यांतली घराणी

पंधराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्लंडच्या चांदीवर राजाची ढाल नाही. नोबल नावाच्या सोन्याच्या नाण्यावर १३४४ पासून राजा ढाल घेऊन जहाजात उभा आहे. चांदीवर मात्र क्रॉस आणि ठिपके. तरी कुलचिन्हं आहेत, फक्त मोहरीएवढी.

डरॅमची पेनी घ्या. तिथला बिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता, त्याला टांकसाळीचाही हक्क होता. अँटनी बेक १२८३ ते १३११ बिशप होता. त्याच्या घराण्याच्या ढालीवर टोकं दुभंगून बाहेर वळलेला क्रॉस होता. त्याच्या पेनीवर लेखाच्या सुरुवातीला साध्या क्रॉसऐवजी तोच बारीक, वळलेल्या टोकांचा क्रॉस येतो. त्याच्यानंतरच्या केलोने मागच्या क्रॉसचं एक टोक धर्मदंडासारखं वाकवलं. त्यानंतरच्या ब्यूमाँच्या ढालीत सिंह आणि लिलीची फुलं, म्हणून त्याच्या पेनीवर सुरुवातीलाच इवलासा सिंह आणि लिली. राजा कोण हे कळत नसेल तरी बिशप ओळखू येतो, आणि बिशपांच्या तारखा पक्क्या आहेत. डरॅमची पेनी हाती लागली तर भिंग आधी बारा वाजण्याच्या जागी न्या आणि मग क्रॉसच्या चारही टोकांवरून फिरवा.

हे स्वातंत्र्य एका माणसाला महागात पडलं. आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल थॉमस वोल्झी यॉर्कचा आर्चबिशपही होता. आर्चबिशपांनी लहान नाण्यांवर आपली आद्याक्षरं टाकायचा प्रघात होता. वोल्झीने ती ग्रोटवर टाकली: ढालीच्या दोन बाजूंना ‘टी’ आणि ‘डब्ल्यू’, खाली कार्डिनलची टोपी. १५२९ मध्ये त्याच्यावर आरोपपत्र ठेवलं गेलं, तेव्हा राजाच्या नाण्यावर आपली टोपी छापल्याचं कलमही त्यात होतं. हे ग्रोट आजही मिळतात, आणि टोपी स्पष्ट दिसणारा नमुना असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

ट्यूडर काळात (सातव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत) या सुरुवातीच्या खुणा टांकसाळीच्या हिशेबाचा भाग झाल्या. वर्षाची नाणी पेटीत साठवून त्यांचा कस जाहीरपणे तपासायची पद्धत तेराव्या शतकापासून आहे. ‘पिक्सची तपासणी’ म्हणून ती आजही होते. तपासणी झाली की खूण बदलायची, म्हणजे नंतर खोट निघाली तर ती कोणत्या हप्त्यातली ते कळे. खुणा निवडताना घराण्याचा मान राखलेला दिसतो. सातव्या हेन्रीच्या आईचं माहेर बोफर्ट, त्यांचं चिन्ह किल्ल्याचा जाळीदार दरवाजा. तो ट्यूडरांच्या नाण्यांवर वारंवार येतो. मेरी राणीची खूण डाळिंब, कारण तिची आई अरागॉनची कॅथरीन, आणि डाळिंब हे स्पेनमधल्या ग्रानाडाचं चिन्ह.

पाचवी पायरी : ढाल

आता मुख्य भाग. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सातव्या हेन्रीने ग्रोटवर दोन गोष्टी एकदम केल्या: चेहरा बाजूने दाखवला, आणि मागचे ठिपके काढून लांब क्रॉसवर ढाल ठेवली.

ढालीचे चार खण असतात. वाचायचा क्रम आपल्या डाव्या हाताच्या वरच्या खणापासून: वरचा डावा पहिला, वरचा उजवा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मानाची जागा पहिली. पहिल्या आणि चौथ्या खणात फ्रान्सच्या तीन लिली, दुसऱ्या आणि तिसऱ्यात इंग्लंडचे तीन सिंह. इंग्लंडच्या राजाने स्वतःच्या सिंहांपेक्षा फ्रान्सच्या लिलींना वरची जागा दिली होती, यावरून तो दावा किती गंभीरपणे मांडला जात होता ते दिसतं.

झिजलेल्या नाण्यावर सिंह सिंहासारखा दिसेल ही अपेक्षा सोडा. सिंह म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या, किंचित वळलेल्या रेघा, आणि प्रत्येकीच्या डाव्या टोकाला डोक्याची गाठ. लिली म्हणजे वर दोन आणि खाली एक असे तीन ठिपके. समोरासमोरच्या कोनांत ठिपके आणि रेघा अशी अदलाबदल दिसली की ढाल ओळखली. बाकी सगळं पुसलेलं असलं तरी एवढं टिकतं.

लिलींची संख्याही बोलते. तिसऱ्या एडवर्डच्या काळात फ्रान्सच्या खणात लिली भरभरून विखुरलेल्या असत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चौथ्या हेन्रीने फ्रेंच राजांप्रमाणे त्या तीनवर आणल्या. इंग्रजी चांदीवर ढाल आली तोवर तीनच होत्या, पण जुन्या सोन्यावर हा फरक दिसतो.

त्याआधीची चांदीवरची राजाची ढाल पाहायची तर समुद्र ओलांडावा लागतो. सहावा हेन्री १४२२ मध्ये फ्रान्सचाही राजा म्हणून घोषित झाला. त्याच्या नावाने पॅरिस, रुआँ वगैरे टांकसाळींत हिणकस चांदीची नाणी पडली, त्यांवर दोन ढाली शेजारी-शेजारी आहेत: एक फ्रान्सची, एक इंग्लंडची. पॅरिसची खूण मुकुट, रुआँची सिंह. नाणं दिसायला काळपट, पण एका माणसाच्या दोन गाद्या त्याच्यावर अक्षरशः बाजूबाजूला ठेवलेल्या आहेत.

आयर्लंडमध्ये तर ढालीतून बंडाचा वास येतो. ‘तीन मुकुट’ प्रकारच्या ग्रोटवर एका बाजूला राजाची ढाल असते. काही नाण्यांवर तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या फुलीच्या दोन छोट्या ढाली आहेत. ही फुली किल्डेअरच्या फिट्झजेराल्ड घराण्याची. १४८७ मध्ये त्याच किल्डेअरने लँबर्ट सिमनेल नावाच्या तोतया राजपुत्राला डब्लिनमध्ये राज्याभिषेक केला होता. याच आयर्लंडसाठी आठव्या हेन्रीने १५३४ पासून वीणेसारख्या हार्पची नाणी काढली, आणि हार्पच्या बाजूला स्वतःचं नि राणीचं आद्याक्षर टाकलं. राण्या बदलत गेल्या तशी अक्षरंही बदलली: अ‍ॅन, जेन, कॅथरीन. एवढ्यावर नाण्याचं वर्ष एक-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येतं.

पुढचे बदल झटपट:

१५५४ मध्ये मेरीचं स्पेनच्या फिलिपशी लग्न झालं. त्या शिलिंगवर (बारा पेनीचं नाणं) दोन चेहरे समोरासमोर, आणि मागची ढाल उभी दुभागलेली: आपल्या डाव्या अर्ध्यात स्पेनची गर्दी (किल्ले म्हणजे कास्तील, सिंह म्हणजे लेऑन), उजव्या अर्ध्यात इंग्लंड. नवऱ्याची बाजू मानाची, म्हणून तो डावीकडे. एलिझाबेथकडे पुन्हा जुनी चार खणांची ढाल. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा जेम्स आला आणि ढाल पार बदलली: पहिल्या आणि चौथ्या खणात जुनी सबंध ढालच लहान करून बसवली, दुसऱ्यात स्कॉटलंडचा मागच्या पायांवर उभा सिंह, तिसऱ्यात आयर्लंडची हार्प. इंग्लंडच्या नाण्यावर ढालीत हार्प दिसली तर ते १६०३ नंतरचं, यात चूक व्हायची शक्यताच नाही. १६४९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि ढालीतले सिंह नि लिली दोन्ही गेले. उरला सेंट जॉर्जचा साधा क्रॉस, हार्पच्या ढालीशेजारी, आणि लेख लॅटिनऐवजी इंग्रजीत. १६६२ मध्ये हातोडा थांबला, यंत्र आलं. १६९६ मध्ये जुनी हातोड्याची चांदी चलनातून काढून वितळवली गेली, म्हणून जे उरलंय त्याला मोल आहे.

एलिझाबेथचं सिक्सपेन्स : शिकायला सर्वांत चांगलं

सुरुवात याच नाण्याने करा, असं मी सगळ्यांना सांगतो. ते भरपूर मिळतं, आकाराने मोठं आहे, ढाल स्पष्ट आहे, आणि १५६१ पासून त्याच्यावर तारीखही आहे. टांकसाळीत त्या वर्षी एक अडचण होती: सहा, चार, तीन, दोन, दीड, एक आणि पाऊण पेनी इतकी जवळजवळची नाणी ओळखायची कशी? उपाय असा काढला की एकाआड एक नाण्यावर राणीच्या डोक्यामागे गुलाब ठेवायचा. सहा, तीन, दीड आणि पाऊण पेनीवर गुलाब नि तारीख. चार, दोन आणि एक पेनीवर दोन्ही नाहीत. शिलिंगवरही नाहीत.

तारीख पुसली असली तरी खूण वाचवते. बाणाचं रुंद पातं १५६१ ते १५६५, छोटा मुकुट १५६७ ते १५७०, किल्ला १५७० ते १५७२, ओकचं फळ १५७३–७४, रानगुलाब १५७४ ते १५७८, आणि शेवटी थेट आकडे: १६०१ साठी ‘१’, १६०२ साठी ‘२’. तारीख आणि खूण जुळत नसतील तर आधी स्वतःचं वाचन तपासा आणि मग नाण्यावर संशय घ्या.

खोटं कसं ओळखावं

तेव्हाची खोटी आणि आजची खोटी ही दोन वेगळी प्रकरणं. तेव्हाच्या बनावट नाण्यात तांब्यावर चांदीचा मुलामा असे. कडेला किंवा उंच भागावर हिरवट-तांबूस डाग दिसतो. चौदाव्या शतकात लक्झेंबर्गच्या आंधळ्या जॉनने पाडलेली हलकी नाणी इंग्लंडमध्ये घुसली. त्यांवर नाव असं लिहिलं होतं की घाईत ‘एडवर्ड’ वाटावं. ही आता स्वतंत्रपणे जमवली जातात.

आजची खोटी बहुतेक ओतीव. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं, कडेला भोवती फिरणारी कानशीने घासलेली रेघ. सगळ्यांत पक्की कसोटी म्हणजे जोडी. एकाच ठशातून दोन नाणी निघू शकतात, पण चकतीचा आकार, कडेची चीर आणि घावाची सरक या तिन्ही गोष्टी दोन नाण्यांत तंतोतंत सारख्या येऊ शकत नाहीत. विक्रेत्याच्या यादीत तीच चीर असलेलं दुसरं नाणं दिसलं तर दोन्ही सोडा.

ग्रोट किंवा शिलिंगसाठी घनतेची चाचणी घरी होते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागा. स्टर्लिंग चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं. ६.२ ग्रॅमच्या शिलिंगने साधारण ०.६० दाखवायला हवं. पेनी इतकी हलकी की घरगुती काट्यावर हे उत्तर भरवशाचं येत नाही. तिथे भिंगच खरं.

जपणूक आणि कायदा

घासू नका. लिंबू, चिंच, खाण्याचा सोडा, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही नको. काळपट थर हा नाण्याचा भाग आहे; तो गेला की किंमत जाते आणि अक्षरांच्या कडाही जातात. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपून घ्या. मऊ प्लास्टिकची पाकिटं काही वर्षांत चिकट हिरवा थर सोडतात, आणि रबरबँडमधला गंधक चांदी काळी करतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात डबीत सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला.

ब्रिटनमध्ये राहून धातुशोधक घेऊन शेतात जाणाऱ्यांनी जमीनमालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर १९९६ च्या कायद्याने ती कळवावी लागतात आणि मुदत १४ दिवसांची आहे. स्कॉटलंडमध्ये एकटं नाणंही कळवायचं. सुटी सापडलेली नाणी नोंदवायची सरकारी योजना आहे आणि तिचा छायाचित्रांसह खुला संग्रह घरबसल्या पाहता येतो. ओळख पटवायला याहून चांगलं साधन नाही. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशी स्थायिक नातेवाइकांना वडिलोपार्जित नाणी देताना लक्षात ठेवा.

आपल्या मातीशी या ढालींचा संबंध जिथे खरोखर येतो ती नाणीही शोधा. १६००–०१ मध्ये एलिझाबेथने पूर्वेच्या व्यापारासाठी खास चांदी पाडली. एका बाजूला राजढाल, दुसऱ्या बाजूला बोफर्टांचा तोच जाळीदार दरवाजा, आणि सर्वांत मोठं नाणं स्पॅनिश आठ रेआलच्या बरोबरीचं. पूर्वेच्या बाजारात त्यांना कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे ती चालली नाहीत. १६७२ मध्ये मुंबईत कंपनीची टांकसाळ सुरू झाली, तिच्या रुपयावर कंपनीची ढाल आणि लॅटिन लेख होता. गोव्यात पोर्तुगीजांच्या चांदीवर त्याआधीपासूनच पाच छोट्या ढाली आणि किल्ले असलेली पोर्तुगालची ढाल पडत होती. वाचायची पद्धत तीच.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक नाण्यासाठी एक चिठ्ठी करा आणि पायऱ्यांच्या क्रमानेच लिहा. एक नमुना:

‘वजन २.८९ ग्रॅम, व्यास २६ मिलिमीटर. कड उजवीकडे किंचित कातरलेली, मण्यांचं वर्तुळ तिथे नाही. मागे दुभंगलेल्या टोकांचा लांब क्रॉस, त्यावर चौकोनी ढाल. १ आणि ४ लिली, २ आणि ३ सिंह, दुसऱ्या खणातले सिंह सपाट. हार्प नाही. ढालीच्या वर तारीख १५७_, शेवटचा आकडा गेलेला. खूण रानगुलाब, दोन्ही बाजूंना. डोक्यामागे गुलाब. लेख “एलिझाबेथ” स्पष्ट, पुढचं कातरलेलं. निष्कर्ष: एलिझाबेथ, सिक्सपेन्स, १५७४ ते १५७८. शेवटच्या आकड्यासाठी डावीकडून आडवा उजेड टाकून पुन्हा फोटो घ्यायचा.’